पाहुण्यांचे गाव आणि गावकऱ्यांचे घर

घरी पाहुणा आला म्हणजे आपण त्यास ओसरीवर बसवितो, गूळपाणी देतो आणि रात्री मुक्काम पडला तर घरातील त्यातल्या त्यात बरी वाकळ त्याच्या अंगावर घालतो. ही आपल्या खेड्यांची रीत आहे आणि ती सुटू नये असेच आम्हांस वाटते. परंतु पाहुणा नित्य येऊ लागला, शेकड्यांनी येऊ लागला, त्याच्यासाठी इमारतीमागून इमारत उठू लागली आणि अखेर घरच्याच माणसाला पाठ टेकण्यास जागा उरली नाही, तर त्या आतिथ्यास काय म्हणावे? थंड हवेच्या ठिकाणी आणि समुद्रकाठी वसलेल्या कितीतरी लहान गावांपुढे आज हा प्रश्न उभा आहे. सुरत आणि नाशिक ह्या दोन जिल्ह्यांच्या मधल्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या उंबरठ्यावरही तो आला आहे. म्हणून ह्या विषयाचा थोडा सविस्तर विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

पैसा घाट चढतो, श्रम घाट उतरतात

सुरत शहराची वाढ आपण सर्वांनी पाहिली आहे. १९६१ च्या जनगणनेत तीन लाखांच्या आत असलेले हे शहर २०११ च्या जनगणनेत चव्वेचाळीस लाखांवर गेले. खानदेशातून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने आलेली हजारो मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली ह्या भागांत स्थिरावली. मागावर कापड निघू लागले, हिऱ्याला पैलू पडू लागले आणि शहराच्या हाती पैसा आला. पैसा आला की विसाव्याची इच्छा येते. शनिवार उजाडला की मोटारी वघईच्या रस्त्याला लागतात आणि डांगच्या जंगलातून वळणे घेत सापुताऱ्यास पोहोचतात. सुरतेपासून दीडशे किलोमीटरांहून थोडे दूर, नाशिकपासून सुमारे ऐंशी किलोमीटरांवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवर वसलेले हे ठिकाण गुजरात राज्याचे थंड हवेचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे तळे आहे, रोपवे आहे, बागा आहेत, आणि पावसाळ्यात तर ढगच रस्त्यावर उतरलेले असतात.

ज्या रस्त्याने सुरतेचा पैसा घाट चढतो, त्याच रस्त्याने डांग आणि सुरगाणा तालुक्यांतील माणसे घाट उतरत असतात. दिवाळी आटोपली की कोयता, भांडी आणि लेकरे घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे सुरत, नवसारी आणि वलसाड जिल्ह्यांतील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जातात. पावसाळा जवळ येईपर्यंत त्यांचे घर म्हणजे शेताच्या कडेला ताडपत्रीने शाकारलेली पाल. डोंगरावर पाहुण्यांसाठी पक्क्या खोल्या वाढत आहेत आणि त्याच डोंगरातील माणूस वर्षाचे पाच-सहा महिने पालाखाली काढीत आहे. हे दृश्य आपल्या डोळ्यांना सरावाचे झाले आहे. परंतु सवयीचे झाले म्हणून ते न्यायाचे ठरत नाही.

ज्यांचा डोंगर, त्यांचे गाव

सापुताऱ्याचे नाव सर्पावरून पडले. तेथील नागाच्या प्रतिमेचे पूजन होळीच्या दिवसांत आदिवासी बांधव करीत आले आहेत. ह्याचा अर्थ, पर्यटकांचे सापुतारा वसण्यापूर्वीही तेथे माणसे होती, त्यांची घरे होती, त्यांची श्रद्धा होती. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि बराच वाद होऊनही डांग जिल्हा गुजरातेत गेला. नव्या राज्याला एक थंड हवेचे ठिकाण हवे होते. ते उभारताना मूळच्या वस्तीतील कुटुंबांना तेथून हलवून जवळच वसविण्यात आले. त्या वस्तीला नवागाम म्हणतात.

नवागामची माणसे आजही सापुताऱ्यास जातात. परंतु चहाची टपरी लावण्यासाठी, भाजलेली मक्याची कणसे विकण्यासाठी, हॉटेलातील चादरी धुण्यासाठी. पायांखालची जमीन आपल्या नावावर व्हावी म्हणून ह्या वस्तीला वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. हॉटेलाचा भूखंड आखला गेला, बागेची जागा आखली गेली, मोटारी उभ्या करण्याची जागाही आखली गेली. चादरी धुणाऱ्या बाईचे घर मात्र नकाशाबाहेर राहिले. सापुतारा हे अधिसूचित क्षेत्र असल्यामुळे तेथील कारभार नेमलेल्या अधिकाऱ्यांकडून चालतो. २०११ च्या जनगणनेत जेमतेम तीन हजार लोकवस्तीच्या ह्या गावाला आपल्या जागेचे काय व्हावे हे ठरविण्यासाठी स्वतःची निवडून दिलेली नगरपालिका नव्हती.

आमचा रोख कोणा एका अधिकाऱ्यावर नाही. त्या काळी विस्थापन हा विकासाचा स्वाभाविक खर्च समजला जात असे. परंतु त्या काळाचे परिणाम आज दिसत असताना आपण त्यातून काही शिकलो नाही, तर तो दोष मागच्या पिढीचा राहणार नाही.

झाडांना कायदा मिळाला, माणसांचे काय?

आता महाराष्ट्राकडे वळू. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० साली माथेरानचा डोंगर चढले आणि पुढे ते मुंबईकरांचे विसाव्याचे ठिकाण झाले. १९०५ साली तेथे नगरपालिका आली, १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी वर पोहोचली. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. महाबळेश्वर-पाचगणीला हेच संरक्षण दोन वर्षे आधी, २००१ साली मिळाले होते. माथेरानला रुग्णवाहिका व अलीकडच्या ई-रिक्षा सोडल्या, तर दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही. तेथील जंगल वाचले ह्याचा आम्हांस मनापासून आनंद आहे.

परंतु ह्या संरक्षणाची दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. बांधकामावर बंधन आले म्हणजे नवी घरे थोडी होतात. येणाऱ्यांची संख्या मात्र घटत नाही. जिन्नस थोडा आणि गिऱ्हाईक फार, मग भाव चढणार हे बाजारात भाजी विकणारी आपली बहीणसुद्धा सांगेल. अशा ठिकाणी मुंबई-पुण्याचा धनिक वर्षातून पंधरा दिवस राहण्यासाठी जी किंमत सहज देतो, ती तेथे बारा महिने राबणाऱ्या घोडेवाल्याला जन्मभर कमवूनही देता येत नाही. मग राबणारे लोक बाजारपेठेच्या मागच्या अरुंद खोल्यांत दाटीवाटीने राहतात किंवा पायथ्याच्या वाड्यांतून रोज डोंगर चढतात आणि उतरतात. २०११ साली माथेरानची वस्ती साडेचार हजारांच्या आत होती. तेथे माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२५ साली द्यावा लागला. त्या निकालाने श्रमाची अप्रतिष्ठा थांबविण्याच्या दिशेने पाऊल पडले. श्रमिकाच्या निवाऱ्याचा प्रश्न मात्र अजून तसाच पुढे उभा आहे.

झाड वाचविणारा कायदा वाईट आहे, असा ह्याचा अर्थ कोणी घेऊ नये. आमचे म्हणणे इतकेच की, जागा मर्यादित ठेवावयाची असेल तर त्या मर्यादित जागेतील एक वाटा गावकऱ्यांसाठी आणि कामकऱ्यांसाठी आधीच राखून ठेवला पाहिजे. तो वाटा राखला नाही तर जंगल वाचते आणि गाव विकले जाते. कोयनेच्या खोऱ्यात 'नवीन महाबळेश्वर' वसविण्यासाठी शेकडो गावांचा आराखडा करण्याचे काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपविले गेले आहे. त्या आराखड्यात किती खोल्या पाहुण्यांच्या होतील हे सारे विचारतील. किती घरे त्या गावांतील मुलांसुनांची होतील, हेही कोणीतरी विचारले पाहिजे.

गोमंतकाचा धडा

हे करता येते काय? येते. फार दूर जाण्याचे कारण नाही. गोव्यात भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या गरीब माणसास मुंडकार म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या तो भाटकाराच्या मर्जीवर राहत असे. मर्जी फिरली की घर गेले. १९७५ साली, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, गोवा, दमण व दीव येथे मुंडकार संरक्षण कायदा झाला. मुंडकारास घराबाहेर काढण्यास त्याने मनाई केली आणि राहते घर व त्याभोवतीची थोडी जमीन, खेड्यात तीनशे चौरस मीटरांपर्यंत, विकत घेण्याचा हक्क त्याला दिला.

ह्या कायद्याची वेळ लक्षात घ्यावी. विमाने भरभरून परदेशी पाहुणे गोव्याच्या किनाऱ्यावर उतरू लागले ते पुढच्या दशकात. किनाऱ्यावरील जमिनीला सोन्याचा भाव येण्यापूर्वीच गरिबाच्या घराला कायद्याचे कुंपण पडले होते. ह्या कायद्याखालील कितीतरी अर्ज मामलेदारांच्या कचेरीत वर्षानुवर्षे पडून राहिले हे खरे. काहींनी मिळालेले घर पुढे विकून टाकले हेही खरे. तरीसुद्धा किनाऱ्यावरच्या अनेक वाड्यांत मच्छीमाराचे, रेंदेराचे, सुताराचे घर आजही उभे आहे, ह्याचे पुष्कळसे श्रेय त्या कायद्यास द्यावे लागेल. भाव चढण्याआधी जे राखले जाते ते राहते. भाव चढल्यानंतर राखावयास गेले तर दसपट दाम मोजावे लागते.

सातासमुद्रांपलीकडची दोन उदाहरणे

कॅनडात व्हिसलर नावाचे बर्फाच्या डोंगरातील गाव आहे. तेथील कायम वस्ती २०२१ साली सुमारे चौदा हजार होती, आणि पाहुणे तर जगभरातून येतात. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमधील काही स्पर्धा तेथे झाल्या. आचारी, शिक्षक, परिचारिका, बर्फगाडी चालविणारे ह्यांना गावात घर परवडत नाही हे तेथील लोकांनी लवकर ओळखले. त्यांनी नवीन हॉटेले बांधणाऱ्यांवर कामगारांच्या घरांसाठी आकार बसविला, १९९७ साली गृहनिर्माणासाठी स्वतंत्र संस्था स्थापिली आणि गावात काम करणाऱ्यांपैकी शेकडा पंचाहत्तर जणांना गावातच घर मिळावे असे ध्येय ठेवले. ही घरे गावात काम करणाऱ्यालाच घेता येतात आणि विकावयाची झाल्यास बाजारभावाने नव्हे, तर ठरलेल्या सूत्राने विकावी लागतात. तेथेही प्रश्न संपला नाही, प्रतीक्षायादी लांबच आहे. परंतु गाव पाहुण्यांचे झाले आणि गावकरी हद्दपार झाले, अशी पूर्ण दुर्दशा टळली.

स्वित्झर्लंडच्या लोकांनी दुसरा मार्ग धरिला. मार्च २०१२ मध्ये तेथे जनमत घेण्यात आले आणि थोड्याशा बहुमताने ठरले की, कोणत्याही गावातील एकूण घरांपैकी शेकडा वीसहून अधिक घरे केवळ सुटीत उघडणारी असू नयेत. डोंगरगावांत वर्षभर कुलूपबंद घरांच्या रांगा वाढत होत्या आणि त्याच गावातील तरुणाला भाड्याची खोली मिळत नव्हती. रोजगार घटेल म्हणून ह्या निर्णयाला डोंगराळ भागातूनच मोठा विरोध झाला, आणि ती भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. परंतु घर म्हणजे दिवा लागणारी जागा. वर्षाचे अकरा महिने अंधारात राहणारी इमारत गावाची शोभा वाढवील, गाव जगविणार नाही, हा विचार त्या देशाने मान्य केला.

आपल्या हाती काय आहे?

आता आपल्या पट्ट्याकडे परत येऊ. सापुताऱ्याच्या अलीकडेच, महाराष्ट्राच्या हद्दीत, हतगडचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याची गावे आहेत. डोंगरावरील गर्दी हद्द ओलांडून ह्या बाजूस उतरली आहे. रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीच्या पाट्या मांडून आपले शेतकरी चार पैसे मिळवितात, कोणी गाडी चालवितो, कोणी नागलीची भाकर करून पाहुण्यास वाढतो. हा लाभ खरा आहे. त्यास नाके मुरडणे योग्य नव्हे. प्रश्न जमिनीचा आहे. रस्त्याकडेच्या तुकड्यावर नजर ठेवून येणारा मनुष्य गोड बोलतो, रोख पैसे दाखवितो आणि कागद कसाही करता येईल अशी हमी देतो.

येथे कायदा आपल्या बाजूचा आहे, तो प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आणि गुजरातच्या महसूल कायद्याचे कलम ७३-अअ ह्यांनुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे पूर्वपरवानगीवाचून जाऊ शकत नाही. म्हणून चोरवाटा काढल्या जातात. एखाद्या आदिवासी ओळखीच्या माणसाच्या नावे कागद होतो आणि ताबा तिसऱ्याकडे जातो. किंवा करार भाड्याचा म्हणून होतो आणि त्याची मुदत संपतच नाही. ज्याला आपण नाव उसने देतो, तो उद्या आपलेच गाव आपल्यापासून उसने घेतो, हे विसरू नये.

१९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मोठे स्थान देतो. त्याचे नियम महाराष्ट्रात २०१४ साली व गुजरातेत २०१७ साली झाले. परंतु ग्रामसभेत बसावयास माणसे हवीत. आमच्या पाहण्यात येते ते असे की, सभेच्या दिवशी पुरुष मजुरीला गेलेले असतात, स्त्रियांना बोलावणेच पोहोचत नाही, आणि ठराव मात्र होऊन जातो. गावठाण वाढवावयाचे असेल, घरांसाठी गायरानातील जागा मागावयाची असेल, मोठ्या बांधकामाला पाणी कोठून मिळणार हे विचारावयाचे असेल, तर ती जागा हीच. घरकुल मंजूर झाले परंतु बांधावयास जागा नाही, अशी कुटुंबे गावोगाव आहेत. त्यांची यादी सभेपुढे ठेवावी. नवे हॉटेल येणार असेल तर त्याच्या कामकऱ्यांच्या राहण्याची सोय काय, हा प्रश्न परवानगीच्या आधी विचारावा, नंतर नव्हे.

दुसरा मार्ग सहकाराचा. ह्या देशात तो नवा नाही. मुंबईत गावदेवी येथे सारस्वतांनी १९१५ साली सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापिली. १९१८ साली साष्टीच्या कॅथलिकांनी वांद्र्यात तशीच संस्था उभी केली, आणि त्याच वर्षी वसईत कॅथलिक सहकारी पतसंस्थेचा पाया घातला गेला, जिची पुढे मोठी बँक झाली. ती माणसे धनवान होती म्हणून हे घडले नाही. एकेकट्याने जे जमत नाही ते दहाजणांनी मिळून जमते हे त्यांनी ओळखले म्हणून घडले. आपल्या गावातील पाच कुटुंबांनी मिळून पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या, तर जमीन आपलीच राहील आणि उत्पन्नही घरात येईल. जमीन विकून मिळालेला पैसा एकदाच येतो. जमीन राखून मिळालेला थोडा का होईना, दरवर्षी येतो.

सुरतेत गेलेल्या आमच्या बांधवांना हे वेगळे सांगणे नको. मागावर काम करणारे ओडिशाचे मजूर एकाच खोलीत पाळीपाळीने निजतात. एकजण उठला की दुसरा त्याच चटईवर अंग टाकतो. नदीकाठच्या झोपड्यांतील पुष्कळ कुटुंबांना पक्की घरे मिळाली, परंतु ती दूर कोसाडला, कामाच्या जागेपासून लांब. घर मिळाले आणि गाडीभाडे वाढले. घर कोठे आहे ह्यालाही किंमत असते, ती किंमत मजुराने रोजच्या रोज पायांनी आणि पैशांनी चुकवावी लागते.

आम्ही जाणतो की जमीन कोणी हौसेने विकत नाही. आजारपण येते, मुलीचे लग्न येते, मुलाची फी भरावयाची असते. अशा वेळी शेजाऱ्याने हात आखडता घेतला, तर विकणाऱ्यास दोष देण्याचा अधिकार कोणास उरतो? नाबोथाने अहाब राजाला पूर्वजांचा मळा नाकारला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तो जीव देऊन उभा राहिला. त्याच्या बाजूने उभा राहणारा शेजारी मात्र कोणी निघाला नाही. आपल्या गावांत तरी असे होऊ नये. अडचणीत सापडलेल्या कुटुंबाने दलालाकडे जाण्यापूर्वी गावातील पतसंस्थेचे, बचत गटाचे किंवा आमच्याकडचे दार ठोठावावे, आणि ते दार उघडले जावे.

पाहुणा येवो, पुन्हा पुन्हा येवो. त्याला थंड हवा मिळो, नागलीची भाकर मिळो, दोन गोड शब्द मिळोत. परंतु रविवारच्या संध्याकाळी त्याची मोटार घाट उतरून गेल्यावर डोंगरावर ज्या घरांत दिवे लागतील, ती घरे आपल्या लेकरांची असावीत. ह्यासाठी कागद आजच पाहावा, सात-बारा आजच काढून आणावा, आणि येत्या ग्रामसभेला घरटी एक माणूस तरी अवश्य बसावा. त्यात घरातील सून-लेकीही असाव्यात, कारण घराची खरी किंमत त्यांनाच ठाऊक असते.